नवलाचा पगार

महिनाअखेरच्या शनिवारी सकाळी दहाला डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाइलवर एकदमच पगाराची चिठ्ठी आली. धनाजी खुटाळेने आपली चिठ्ठी तीनदा वाचली. बेचाळीस हजार. बाकावर शेजारी बसलेल्या पोपट जगदाळेने स्वतःची चिठ्ठी एकदाच वाचली आणि घाईने मोबाइल खिशात घातला.

"किती आलं?" धनाजीने विचारलं.

"आलं बरं."

"आकडा सांग की."

पोपट चपलेकडे बघत म्हणाला, "एक लाख सहा."

धनाजीने आपली चिठ्ठी पुन्हा उघडली. सव्वीस वर्षांत त्याच्या ट्रकला साधा ओरखडा आला नव्हता. पोपट मात्र एकदा विट्याहून सोलापूरला द्राक्षं घेऊन निघाला होता आणि संध्याकाळी विजापूरच्या हद्दीत सापडला होता. रस्ता चुकणं हा त्याचा स्वभावच होता, आणि त्याबद्दल त्याने डेपोत वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली होती.

महामार्गांवर बिनड्रायव्हरचे ट्रक धावायला लागून सहा वर्षं झाली होती. 'दूरवाट' नावाच्या वाहतूक कंपनीने विट्याबाहेर डेपो टाकला, तेव्हा माणसांच्या हाती उरले होते ते फक्त आडरस्ते. मूळ पगार, किलोमीटरचा भत्ता, नाशवंत मालाचा जादा पैसा, घाटभत्ता, नोकरीची वर्षं, या सगळ्याची बेरीज करून धनाजीच्या हातात दरमहा सत्तरएक हजार पडत. या महिन्यापासून कंपनीने मूळ पगार तेवढा ठेवला होता. बाकीच्या सगळ्याच्या जागी चिठ्ठीत एकच शब्द होता : नवल.

तो तडक उठून डॉ. समीना मुजावर यांच्या खोलीत गेला. मिरजेची ही तिशीतली संशोधक डेपोतल्या एका जुन्या कंटेनरमध्ये चार पडदे मांडून बसायची. ड्रायव्हर तिला मॅडम म्हणत आणि ती सगळ्यांना काका.

"मॅडम, माझ्या चिठ्ठीत चूक झालीय."

"बसा काका. चूक नाही झाली, त्याचाच घोटाळा आहे." तिने त्याच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली. "मला सांगा, समोर एक म्हातारी रस्त्याच्या कडेला उभी आहे. ती ओलांडणार की थांबणार, हे तुम्हाला आधीच दिसतं ना?"

"दिसतं असं नाही. कळतं."

"तेच मशीनला कळावं म्हणून आमची धडपड आहे. तुमच्या केबिनमध्ये वर जी काळी पेटी आहे, तिचं नाव अदमास. ती रस्ता बघते, तुमचे हातपाय बघते, केबिनमधलं बोलणं ऐकते. दर क्षणाला ती स्वतःशी अंदाज बांधते, की पुढच्या पाच सेकंदांत काय होणार. पाच सेकंदांनी ती ताडून बघते. अंदाज बरोबर आला, तर ती नवीन काहीच शिकली नाही. चुकला, तर ती शिकली. अंदाज आणि घडलेलं यांच्यात जेवढं अंतर, तेवढं नवल. कंपनी आता त्याचेच पैसे देते."

"म्हणजे गाडी वेडीवाकडी मारायची?"

"नाही. कुणाला धक्का लागला, करकचून ब्रेक लागला, मालाला हिसका बसला, की त्या वेळचं सगळं नवल शून्य. अंदाजाबाहेरचं घडलं पाहिजे आणि तरीही सगळं सुखरूप पार पडलं पाहिजे. महामार्ग अदमासला पाठ झालेत. जिथं ती चुकते ते रस्ते आता हवेत."

धनाजीने पाण्याची बाटली उचलली आणि तशीच खाली ठेवली. "म्हणजे मी नीट चालवतो म्हणून मला कमी."

"तुम्ही तोच रस्ता तसाच चालवता म्हणून कमी. विटा ते मिरज, तुमचा खड्डा न् खड्डा तिला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तुमच्याबद्दलचा तिचा अंदाज हजारात नऊशे अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर आला."

"आणि राहिलेल्या दोन वेळा काय झालं?"

समीनाने पडद्यावर पाहिलं. "शिंकलात."

घरी त्याने ही हकीकत बायकोला सांगितली, तेव्हा कांचन पोळी लाटता लाटता थांबली आणि इतकी हसली, की लाटणं खाली ठेवावं लागलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"त्या पेटीला एका महिन्यात कळलं. मला तुमचा अंदाज यायला वर्ष लागलं होतं."

कांचन बचत गटाच्या बायकांबरोबर घोंगड्या आणि लोकरीच्या गाद्या विकायची. त्यासाठी आटपाडी, खरसुंडी, दिघंची, जतपर्यंतचे बाजार तिने कधी वडापच्या जीपमधून, कधी मेंढपाळांच्या टेम्पोतून पालथे घातले होते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. नवरा ट्रक चालवत होता, आणि ती त्याच्या केबिनमध्ये एकदाही बसली नव्हती. तसा विषयच कधी निघाला नव्हता.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "तुमचा माल कुठं जायचाय?"

"डाळिंबं. पंढरपूरच्या रस्त्याला शीतगृह आहे."

"मग मी सांगेन तसं चला."

कंपनीचा सहप्रवाशाचा एक फॉर्म होता. तो भरून दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबिनमध्ये चढून बसली आणि पहिल्याच फाट्यावर दोघांचं वाजलं. ती डावीकडे म्हणाली; तो म्हणाला, तिकडे रस्ताच नाही. ती म्हणाली, आहे. रस्ता होता. मध्ये एक ओढा होता, त्यात कुणीतरी म्हशी सोडल्या होत्या, आणि म्हशी धुणारा माणूस कांचनला नावाने ओळखत होता. त्याने म्हशी बाजूला घेतल्या, ट्रक हळूहळू पार झाला, आणि पेटीखालच्या छोट्या पडद्यावरची हिरवी रेघ जराशी उचलली.

पुढे करगणीच्या अलीकडे मेंढरांचा कळप आला. पाचशे तरी असतील. पडद्यावर अदमासचा अंदाज उमटला : नऊ सेकंदांत रस्ता मोकळा. धनाजीने गाडी थांबवली. नऊ सेकंद गेले, नव्वद गेले. मेंढरं चालायची थांबून रस्त्यातच उभी राहिली आणि काही तर खाली बसली.

"पुढं बकरी नाही," कांचन म्हणाली.

"कसली बकरी?"

"मेंढरं स्वतः होऊन चालत नाहीत, बकरीमागं चालतात. बकरी मागं राहिलीय, बघा, ती तिकडं बाभळीला तोंड लावून उभी आहे. थोडं मागं घ्या, तिला वाट करून द्या."

ट्रक दहा हात मागे गेला. काळी बकरी आपल्या सवडीने निघाली, आणि पाचशे मेंढरं उठून तिच्यामागे चालू लागली. मेंढपाळाने हात वर केला. हिरवी रेघ पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली. धनाजीने ती पाहिली आणि मग बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून मेंढपाळाला त्याच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारत होती.

त्या महिन्यात त्याला एकसष्ट हजार मिळाले, पुढच्या महिन्यात त्र्याण्णव. जत्रेच्या गर्दीतून, लग्नाच्या मांडवाखालून, कोरड्या नदीच्या पात्रातून ती दोघं गेली. एकदा एका गावात रस्त्यात कुस्तीचं मैदान भरलं होतं. फड संपेपर्यंत त्यांना तिथंच बसावं लागलं आणि धनाजीने दोन पैलवानांना बक्षीसही लावलं. पैशांचं बरं वाटत होतंच, पण त्याहून वेगळी गोष्ट त्याच्या हळूहळू लक्षात येत होती. सकाळी निघताना आज काय होईल हे आपल्याला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं आपल्याला आवडायला लागलंय. घरी दोघं पूर्वी कामापुरतं बोलत. केबिनमध्ये कांचन इतकी बोले, की समीनाने एकदा हसत सांगितलं, "काका, काकूंच्या बोलण्यातून अदमास पाहुणेसंबंध शिकायला लागलीय."

मार्चच्या सुरुवातीला समीनाने त्याला कंटेनरमध्ये बोलावलं. या वेळी ती हसत नव्हती.

"वरून निरोप आलाय. धारेवाडीचा घाट तुम्ही चालवावा, असं त्यांचं म्हणणं आहे. दहा फेऱ्या. तीन महिन्यांचा पगार नुसत्या त्यात सुटेल, इतकं नवल आहे तिथं."

धनाजीने मान खाली घातली. धारेवाडी हे कांचनचं माहेर. पश्चिमेकडच्या डोंगरात, घाटाच्या तळाशी वसलेलं. तो घाट अजून कुठल्याच मशीनला चढता येत नव्हता. बिनड्रायव्हरचे ट्रक पायथ्याच्या पटांगणात येऊन थांबत. तिथून गावातले चौदा ड्रायव्हर एकेक ट्रक वर चढवून देत आणि एका ट्रकमागे सहाशे रुपये घेत. त्या चौदांत कांचनचा धाकटा भाऊ शहाजी होता.

"दहा फेऱ्यांनंतर अदमासला घाट येईल?"

"येईल."

"मग त्या चौदाजणांचं काय?"

"मी हे वर विचारलंय," समीना म्हणाली. "उत्तर आलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील, काका. तेही सांगून ठेवते."

कांचनने सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही. "तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाली. सकाळी तिने दोन डबे भरले. एक त्याचा, दुसरा स्टीलचा चार पुडांचा.

"हा कुणाला?"

"शहाजीला. पुरणपोळ्या आहेत, हातात नेऊन द्या."

"तू येत नाहीस?"

"माझ्या माहेरच्या रस्त्यावर डावी-उजवी सांगायला मी यायची नाही."

तो एकटाच निघाला. आधी डबा द्यायला थांबलं, तर शहाजीला तोंड दाखवावं लागणार होतं, म्हणून त्याने घाईने ठरवलं, की पहिली फेरी आधी उरकू, डबा उतरताना देऊ. पायथ्याच्या पटांगणावर न थांबता त्याने ट्रक वर घातला. चार किलोमीटरांत त्याला तीनदा करकचून ब्रेक दाबावा लागला. एका वळणावर डांबर ओलं होतं, दुसऱ्यावर तापल्या रस्त्यावर गाई बसल्या होत्या. हिरवी रेघ तळाला झोपून होती. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस घामाने डबडबला. चौथ्या किलोमीटरच्या दगडाशी त्याने कडेला गाडी घेतली, आणि तेवढ्यात वरून मोटारसायकलवर शहाजी उतरत आला.

"दाजी? तुम्ही इकडं कुठं?" त्याला खरोखरच आनंद झाला होता. "अन् कळवलं पण नाही. चला, मी येतो संगं, हा घाट एकट्याचा नाही."

मोटारसायकल झाडाखाली लावून तो केबिनमध्ये चढला. डबा त्याने मांडीवर घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली.

"पुढच्या वळणाला हॉर्न मारू नका. कड्याला आग्या मोहोळं आहेत, उठली तर काचा लावूनसुद्धा सुटका नाही. आता डाव्या बाजूनं चला, उजवीकडं दुपारचं पाणी पाझरतं. दुसरा गिअर टाका, दाजी, आत्ताच टाका, खिंडीत वारा आडवा येतो, मोकळी गाडी ढकलतो. तुमची भरलेली आहे, पण तरी."

धनाजी तो सांगेल तसं करत गेला. समोर काहीच दिसत नसताना त्याचे हात आधी वळत होते, पाय आधी ढिला पडत होता, आणि दरवेळी त्या करण्याचं कारण पाच सेकंदांनी समोर येत होतं. ट्रक लोण्यातून चालावा तसा चढत होता. त्याने पडद्याकडे पाहिलं. हिरवी रेघ वर जाऊन टेकली होती आणि तिथून हलायला तयार नव्हती. खाली रुपयांचा आकडा शहाजीच्या प्रत्येक वाक्याला पुढे सरकत होता.

दोन किलोमीटर त्याने सोसलं. मग एका रुंद जागी गाडी थांबवली, पेटीची वायर काढली आणि वर रुमाल टाकला.

"काय झालं?" शहाजीने विचारलं.

धनाजीने सगळं सांगितलं. नवल म्हणजे काय, दहा फेऱ्या म्हणजे काय, आणि त्यानंतर पटांगणात ट्रक थांबणार नाहीत हेसुद्धा. शहाजी पुरणपोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे मघापासून मी बोलत होतो ते—"

"ते मी विकत होतो."

शहाजीने हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. खालच्या वळणावरून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"किती झाले?" शहाजीने शेवटी विचारलं.

"या दोन किलोमीटरचे साडेअकरा हजार."

शहाजीने आकडा पुन्हा विचारला आणि धनाजीने तो पुन्हा सांगितला. एकोणीस वर्षं तो ट्रक चढवत होता, आता सहाशेला. बिनड्रायव्हरचे ट्रक यायच्या आधी तर परक्या ड्रायव्हरांचे दीडशेला चढवायचा. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी अर्ध्या वाटेत थांबला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"दाजी, एवढी किंमत आहे याची, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही."

"मला तरी आत्ता कळलं."

"गाडी वर घ्या," शहाजी म्हणाला. "माल पोचवू. मग खाली जाऊन सगळ्यांना सांगू."

दुपारी पटांगणातल्या वडाखाली चौदाही घाटवाले जमले. धनाजीने समीनाला फोन केला आणि ती संध्याकाळ व्हायच्या आत येऊन पोचली. तिने फेरीची नोंद उघडली आणि सगळ्यांसमोर धरली.

"पहिले चार किलोमीटर धनाजीकाका एकटे होते. नवल शून्य. पुढचे दोन किलोमीटर शहाजीदादा सोबत. आमच्या कुठल्याच डेपोत आजवर इतकं नवल नोंदलं गेलेलं नाही." तिने नोंद मिटली. "याचा अर्थ असा, की बाहेरचा कितीही चांगला ड्रायव्हर पाठवला, तरी तुमच्याशिवाय हा घाट अदमासला येणार नाही."

"मग आम्ही बोललोच नाही तर?" एकाने विचारलं.

"तर नाही येणार. काही वर्षं. मग कंपनी बोगदा तरी काढेल किंवा ट्रक दुसरीकडून वळवेल."

धनाजी पुढे सरकला. "मॅडम, मास्तर पोराला एकदाच शिकवतो हे खरं," तो म्हणाला, "पण तुमचं पोर या शिकवणीवर रोज कमावणार. हे चौदाजण शिकवतील. मात्र त्यांच्या शिकवणीवर जितके ट्रक घाट चढतील, तितक्या ट्रकमागं त्यांचा वाटा पाहिजे. एकरकमी नको."

समीनाने ते तसंच्या तसं वर लिहून पाठवलं. वरून नकार आला. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार आला. धनाजीला कंपनीने परत विटा-मिरज रस्त्यावर घातलं, आणि पुढचे काही महिने तो बेचाळीस हजारांवरच राहिला. कांचनने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या महिन्यांत ती मिरजेच्या त्याच त्या रस्त्यावरही त्याच्याबरोबर जात राहिली. दरम्यान कंपनीने सांगलीकडचे दोन ड्रायव्हर घाटात पाठवून पाहिले. दोघांची नोंद शून्य आली आणि एकाला मोहोळाने फोडून काढलं.

पावसाळ्यात घाटात दोन ठिकाणी दरड कोसळली. पाझर वीस हात सरकला, खिंडीच्या तोंडाची झाडं पडल्याने वारा वेगळाच घुसायला लागला, आणि गाईंनी बसायची जागा बदलली. मार्चमधले ते दोन किलोमीटर अदमासने पक्के पाठ केले होते. आता तिचे तिथले अंदाज धडाधड चुकू लागले. समीनाने ते आलेख वर पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, की हा घाट एकदा शिकून संपणारा नाही, याला दरवर्षी मास्तर लागणार.

सप्टेंबरात करार झाला. शिकवण्याच्या फेऱ्यांचं नवल घाटवाल्यांचं. त्यानंतर आपला आपण चढणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे दीडशे रुपये चौदाजणांच्या सामाईक खात्यात. आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा शिकवणी. सहाशेच्या जागी दीडशे ऐकून दोघांनी कुरकुर केली. त्यातल्या एकाने वाटा घेऊन पुढे गॅरेज टाकलं. पण घाट खुला झाल्यावर दिवसाला वीसऐवजी सव्वाशे ट्रक येणार होते, आणि त्यांच्यामागे कुणाला उन्हातान्हात उभं राहावं लागणार नव्हतं. समीनाने हीच पद्धत बाकीच्या आडरस्त्यांना लावायचं कागदावर आणलं. मेंढरांच्या रस्त्याचा पहिला वाटा आला तेव्हा त्यावर दोन नावं होती, धनाजी खुटाळे आणि कांचन खुटाळे. कांचनने ती चिठ्ठी मोबाइलवर शेजारणीला नेऊन दाखवली.

ऑक्टोबरात घाटाच्या शिकवणीचा पहिला दिवस उजाडला. स्टेअरिंगवर शहाजी होता. कांचन मधल्या सीटवर, आणि कडेच्या खिडकीशी धनाजी, नुसता पाहुणा म्हणून. त्या दिवसाचा त्याला छदामही मिळणार नव्हता. पहिल्या दोन वळणांत त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत राहिला.

"पाय आवरा," कांचन म्हणाली. "चालवतोय तो."

त्याने पाय दुमडून वर घेतले. मग हातांना काही काम नाही म्हणून खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत या घाटातून तो लहान गाडीने कितीतरी वेळा गेला होता. घाटमाथ्यावरच्या पाहुण्यांच्या लग्नांना, बारशांना, सासऱ्याला वरच्या दवाखान्यात नेताना. दरवेळी नजर होती ती समोरच्या वीस हात रस्त्यावर. आत्ता दरीभर पिवळी सोनकी फुलली होती. खाली नदीचा लांब वळसा होता. तिच्या पलीकडे भाताची खाचरं, आणि खाचरांच्या कडेला पांढरी, लांबट, कौलारू इमारत.

"ते खाली पांढरं काय आहे गं?"

"माझी शाळा."

"ही? इथून दिसते?"

"पहिल्यापासून दिसते."

धनाजी खिडकीबाहेर वाकला. वळण आलं आणि शाळा कड्याआड गेली. "शहाजी, जरा थांब."

"चढावर नाही थांबायचं, दाजी. वर सपाटी आहे, तिथं घेतो."

सपाटीवर शहाजीने गाडी कडेला लावली. अदमासचा अंदाज होता, की ट्रक पुढे जाणार. पडद्यावरची रेघ एकदम उसळली, आणि शहाजी मोठ्याने हसत म्हणाला, की नुसतं थांबून बघायचेही पैसे सुटायला लागले. त्याचं बोलणं ऐकायला केबिनमध्ये कुणी नव्हतं. दोघं उतरून कठड्यापाशी गेली होती. कांचनने डोक्यावरचा पदर वाऱ्यात घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती खाली दाखवत होती.

"ती डावीकडची शेवटची खोली दिसते? सातवीचा वर्ग."

"थांब, मोजू दे." धनाजी डोळे बारीक करून खिडक्या मोजू लागला. "पाच आहेत. तू कुठल्या खिडकीशी बसायचीस?"

कांचनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, कठड्याला रेलली आणि सांगायला लागली.